शिरोडकरांचा टाका

'तिला टाका घातलाय, जिने चढायचे नाहीत,' असं घरातल्या बायका हळू आवाजात बोलताना तुम्ही ऐकलं असेल. हा टाका गर्भपिशवीच्या तोंडाला घालतात. त्याच्या एका पद्धतीला जगभरातल्या मेडिकलच्या पुस्तकांत नाव आहे 'शिरोडकर स्टिच'. हे शिरोडकर आपल्या गोव्यातल्या शिरोड्याचे. (वेंगुर्ल्याजवळचं शिरोडा वेगळं!)

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये इंग्लंडची एफआरसीएस मिळवली, पुढे ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले. इथपर्यंत सगळं हुशार मुलाच्या करिअरसारखंच.

पण काही बायकांची केस त्यांना सुटत नव्हती. दिवस जायचे, पहिले तीन महिने नीट पार पडायचे आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, मूल बाहेर यायचं. एकदा नाही, पुन:पुन्हा. घरी ठरलेलं उत्तर तयार असायचं : हिच्यातच खोट आहे, नाहीतर कुणाची नजर लागली. डॉक्टरांकडेही विश्रांती आणि औषधं यापलीकडे फारसं काही नव्हतं.

शिरोडकरांनी बघितलं ते वेगळंच. मूल चांगलं वाढतंय, पण गर्भपिशवीचं तोंड कमकुवत आहे. वजन वाढलं की ते आपोआप उघडतंय. मग ते बांधूनच टाकलं तर? त्यांनी त्या बाईच्याच मांडीतली चिवट पट्टी काढली, आतल्या अस्तराखालून गर्भपिशवीच्या मानेभोवती फिरवली आणि गाठ मारली. १९५५ मध्ये त्यांनी हे ऑपरेशन प्रसिद्ध केलं. आज मांडीतली पट्टी नाही, कृत्रिम धागा वापरतात. साधारण १२ ते १४ आठवड्यांना टाका घालायचा, ३६-३७ व्या आठवड्यात काढायचा. कळा आधीच सुरू झाल्या तर ताबडतोब काढावा लागतो, नाहीतर तोंड फाटू शकतं.

१९५७ मध्ये मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी याहून सोपी पद्धत मांडली. आज बरेच डॉक्टर तीच वापरतात. त्यामुळे शिरोडकर मागे पडले असं मला तरी वाटत नाही. आणि हो, हा टाका सगळ्याच गर्भपातांवर चालत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो तेव्हा बऱ्याचदा कारण गुणसूत्रांत असतं, तिथे टाक्याचा उपयोग नाही. पण तिथेही दोष बाईच्या माथी मारायचं कारण नाहीच.

१९६० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.