घरच्या भट्टीत पिस्टन ओतले, ४७ वर्षं जुनी बाइक ताशी २९६ किलोमीटरने पळवली : बर्ट मन्रोची गोष्ट

पावसाळा लागला की रविवारी सकाळी कल्याण-मुरबाड रस्त्यावर माळशेज घाटाकडे निघालेल्या बाइकची रांग लागते. कुणी सायलेन्सर बदललेला, कुणी एअर फिल्टर, कुणी नुसतेच स्टिकर लावलेले. गाडी मॉडिफाय करायची म्हणजे बाजारातून पार्ट आणायचा आणि मेकॅनिककडून बसवून घ्यायचा, एवढंच आपल्याला माहीत असतं.

पण न्यूझीलंडमध्ये एक माणूस असा होऊन गेला, ज्याने १९२० साली एक बाइक घेतली आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं तिचे पार्ट स्वतःच्या हाताने बनवत राहिला. कंपनीतून आली तेव्हा ती बाइक जेमतेम ताशी ८९ किलोमीटर पळायची. त्याने ती ताशी २९६ किलोमीटरपर्यंत नेली. त्याचं नाव बर्ट मन्रो.

त्याच्यावर २००५ साली आलेल्या सिनेमाचं नाव होतं ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’. अँथनी हॉपकिन्सने त्यात बर्टची भूमिका केली. नाव ऐकून आपल्याकडे अनेकांना वाटतं की गोष्ट भारतीय माणसाची आहे. पण यातला इंडियन म्हणजे त्याची बाइक. इंडियन ही अमेरिकेतली जुनी मोटरसायकल कंपनी.

शेतकऱ्याचा पोरगा, हातात स्काउट

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा. बालपण जवळच्या एडनडेल गावात, शेतावर गेलं. वेगाचं वेड लहानपणापासूनच. वडिलांना ते पसंत नव्हतं.

२१ व्या वर्षी त्याने ६०० सीसीची ‘इंडियन स्काउट’ घेतली. काही वर्षं ती होती तशीच चालवली. १९२६ च्या सुमारास तिच्यात बदल करायला सुरुवात केली, ती मग थांबलीच नाही. दिवसा तो मोटरसायकली विकायची नोकरी करायचा आणि रात्री शेडमध्ये आपल्या बाइकवर काम करायचा.

पैसा नव्हता, मग पार्ट कसे बनवले?

रेसिंगचे तयार पार्ट त्याला परवडणारे नव्हते. जे हवं ते घरीच करायचं, हा एकच मार्ग होता.

जुन्या पत्र्याच्या डब्यांचे साचे करून त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि पिस्टन काढायचे. पिस्टनला इंजिनाच्या क्रँकशी जोडणारे कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या जुन्या ॲक्सलमधून घडवायचे. सिलिंडर आणि फ्लायव्हीलसुद्धा स्वतःच बनवायचे. मापं घ्यायला त्याच्याकडे मायक्रोमीटर म्हणून जी वस्तू होती, ती चाकाच्या जुन्या स्पोकची होती.

मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. त्यामुळे हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाला वळसा घालून आत शिरावं लागायचं. बर्टने इंजिनाचा वरचा भाग नव्याने बनवून व्हॉल्व्ह डोक्यावर आणले. वाट सरळ झाली, मिश्रण जास्त जाऊ लागलं, ताकद वाढली. इंजिनही वाढत गेलं. ६०० सीसीचं शेवटी ९५० सीसीपर्यंत पोहोचलं.

ताकद वाढली की पुढचा कमकुवत पार्ट तुटायचा. रॉड मजबूत केला तर पिस्टन फुटायचा, पिस्टन सुधारला तर आणखी काही. तुटलेले पार्ट बर्ट फेकून देत नसे. शेडमधल्या फळीवर ते मांडून ठेवलेले असत आणि ते वेगाच्या देवाला वाहिलेले आहेत, असं तिथे लिहिलेलं होतं.

ताकद एकटी पुरत नाही

इथे थोडं विज्ञान. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट होते. बर्टच्या बाइकचा वेग सुमारे ३.३ पट झाला. बाइकचा आकार तोच ठेवला असता, तर नुसत्या हवेशी झुंजायला साधारण ३७ पट ताकद लागली असती. घरच्या शेडमध्ये एवढी ताकद निर्माण होणं शक्य नव्हतं.

म्हणून त्याने बाइकला माशासारखं निमुळतं, बंद कवच बसवलं. आत तो जवळजवळ पालथा झोपून गाडी चालवायचा. हवेने सहज वाट द्यावी, हा हेतू.

मिठाचं मैदान

एवढ्या वेगाला रस्ता कुठला पुरणार? जगभरातले वेगवेडे त्यासाठी अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलला जातात. तिथे मैलोन्‌मैल सपाट मिठाचं मैदान आहे. वाहतूक नाही, वळण नाही.

पण तिथे नवी अडचण. इन्व्हरकार्गिल समुद्राकाठी, तर बॉनव्हिल सुमारे १,२८० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास. उंचीवर हवा विरळ असते. घरी बरोबर लावलेला कार्बोरेटर तिथे हवेच्या मानाने जास्त इंधन देतो आणि इंजिन गुदमरतं. त्यामुळे ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं.

१९६२ साली, ६३ व्या वर्षी, बर्टने तिथे ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ मध्ये १,००० सीसी गटात २७० किलोमीटरचा. आणि १९६७ मध्ये, वय ६८ आणि बाइक ४७ वर्षांची असताना, त्याच गटात २९५ किलोमीटरहून जास्त. त्याच वर्षी पात्रता फेरीत एका दिशेने त्याने ३०५ चा आकडाही ओलांडला. पण विक्रम धरताना दोन विरुद्ध दिशांच्या फेऱ्यांची सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. बाइक ३०० च्या वेगाने पळाली तर कल्याण ते मुरबाड हे साधारण ३० किलोमीटरचं अंतर सहा मिनिटांत संपेल. अर्थात बर्टचा हा वेग रिकाम्या मैदानावरचा होता.

या वेडाची किंमत

सिनेमातला म्हातारा गोड आणि हसरा आहे. खऱ्या आयुष्यात या वेडाची किंमत मोजावी लागली. बर्टचं लग्न १९२५ मध्ये झालं, चार मुलं झाली आणि १९४७ मध्ये घटस्फोट. पुढे त्याने नोकरी सोडली, गॅरेजमध्येच मुक्काम ठोकला आणि सगळा वेळ बाइकला दिला. बाइकवरून तो अनेकदा पडला, जखमी झाला. उतारवयात हृदयाने त्रास दिला आणि डॉक्टरांनी रेसिंग थांबवायला सांगितलं. ६ जानेवारी १९७८ रोजी, ७८ व्या वर्षी, त्याचं निधन झालं.

मेल्यानंतर वाढलेला वेग

गोष्ट इथेच संपत नाही. बर्टच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७ च्या दोन फेऱ्यांची सरासरी काढताना आकडेमोडीत चूक झाली होती. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने ती तपासली आणि २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त केला. ताशी १८३.५८६ मैलांचे १८४.०८७ मैल झाले, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर. बर्टला जाऊन तेव्हा ३६ वर्षं झाली होती.

त्याची बाइक आज इन्व्हरकार्गिलमध्ये हेज यांच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवलेली आहे. खिळे-स्क्रू घ्यायला आलेली माणसं ती पाहून जातात.