चौकटीतली सिल्व्हिया

तुतारी फुंकणारी, पंख पसरलेली एक देवदूती आणि तिच्यामागे तुरुंगाचे गज. शंभर वर्षांपूर्वी चहाच्या कपबशांवर उमटलेले हे चित्र आज चौकटीत बसून दिवाणखान्याची शोभा वाढवते. ते रेखाटणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्टने मात्र ऐन उमेदीत कुंचला खाली ठेवला होता.

ब्रिटनमधील स्त्री-मताधिकार चळवळीच्या अग्रणी एमेलिन पँकहर्स्ट यांची ही मुलगी. जन्म ५ मे १८८२, मँचेस्टरचा. मँचेस्टरच्या कलाशाळेत शिकत असताना शिष्यवृत्ती मिळवून ती व्हेनिसला गेली आणि तिथल्या मोझेक कलेने भारावून परतली. दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ सॅलफर्डमध्ये उभ्या राहिलेल्या सभागृहाची सजावट तिने केली. पण तिथे भरणाऱ्या राजकीय पक्षाच्या शाखेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. वडील हयातभर स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडलेले, सभागृह त्यांच्या नावाचे, भिंती मुलीने रंगवलेल्या, आणि दार मात्र बंद! त्याच वर्षी, ऑक्टोबर १९०३ मध्ये, एमेलिनबाईंनी स्त्रियांची स्वतंत्र संघटना स्थापन केली.

पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली सिल्व्हिया या संघटनेची जणू कलासंचालकच झाली. १९०९ मध्ये नाइट्सब्रिजच्या स्केटिंग रिंकमध्ये भरलेल्या प्रदर्शनासाठी तिने जुन्या सहाध्यायांच्या मदतीने वीस फूट उंचीची चित्रे उभारली. ती आज उपलब्ध नाहीत. टिकल्या त्या उपाहारगृहासाठी घडवलेल्या कपबशा, आणि तुरुंगवास भोगलेल्या स्त्रियांना दिले जाणारे, तिनेच रचलेले होलोवे पदक. पण तिची खरी प्रतिभा दिसते ती १९०७ च्या चित्रांत. त्या वर्षी ती साखळ्या घडवणाऱ्या, कुंभारकामाच्या कारखान्यांत आणि ग्लासगोच्या सूतगिरणीत राबणाऱ्या स्त्रियांमध्ये राहिली आणि त्यांना कामावर असतानाच जलरंगांत टिपले. त्यांत कुठेही दयेचा सूर नाही; देवदूतीपेक्षा ही चित्रे भिंतीवर लावण्याच्या अधिक योग्यतेची आहेत.

लोक उपाशी असताना चित्रे काढत बसावे का, हा प्रश्न तिला सतत छळत राहिला आणि अखेर चळवळीने चित्रकलेवर मात केली. तुरुंग, उपोषण, नळीने बळजबरीने अन्न भरण्याचा छळ हे सारे तिने वारंवार सोसले. पूर्व लंडनच्या कामकरी स्त्रियांची साथ सोडण्यास ती तयार नव्हती. म्हणून १९१४ मध्ये आई व बहीण ख्रिस्ताबेल यांनी तिला संघटनेपासून तोडले. महायुद्धात त्या दोघी सरकारच्या पाठीशी उभ्या राहिल्या, तर सिल्व्हियाने युद्धाला विरोध करीत बो भागात स्वस्त भोजनालय, पाळणाघर आणि खेळण्यांचा कारखाना चालवला.

भारतावरील तिचे पुस्तक १९२६ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाले. पुढच्या दशकात इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा त्या देशाची बाजू मांडणारे साप्ताहिक तिने काढले आणि ते वीस वर्षे चालवले. १९५६ मध्ये ती अदिस अबाबालाच राहावयास गेली. २७ सप्टेंबर १९६० रोजी तिथेच तिचे निधन झाले. सम्राट हैले सेलासी अंत्यसंस्काराला उपस्थित होते. होली ट्रिनिटी कॅथीड्रलसमोर, इथिओपियाच्या देशभक्तांसाठी राखलेल्या जागेत तिचे दफन झाले.