एक बायबल, दोन अर्थ : फ्रेडरिक डग्लस यांचे जीवन



धम्मदीक्षेनंतर आपल्या घरी धम्मग्रंथ आला. तो वाचावा कसा, हे अमेरिकेतील एका गुलामाच्या जीवनावरून पाहा.

फ्रेडरिक डग्लस १८१८ साली मेरीलँड राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मले. बाल्टिमोरला मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकविली. मालकाने ते बंद पाडले. तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन वाचन शिकून घेतले.

पुढे ते थॉमस ऑल्ड या मालकाकडे आले. हा मालक मेथडिस्ट पंथाच्या मेळाव्यात जाऊन भाविक झाला. घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होऊ लागली. आता तरी याला दया येईल, असे फ्रेडरिकना वाटले. झाले उलटेच! एका अपंग गुलाम तरुणीला बांधून तो रक्त निघेपर्यंत चाबकाने मारी आणि आज्ञा मोडणाऱ्या दासाला फटके मिळतात, असा बायबलचा आधार देई. फ्रेडरिकनी रविवारी गुलामांना बायबल वाचायला शिकविले, तर त्याच पंथाच्या पुढाऱ्यांनी काठ्या घेऊन तो वर्ग उधळला.

१८३८ साली ते उत्तरेकडे पळाले. तेथील चर्चमध्येही गोऱ्यांचे प्रभुभोजन उरकल्यावरच काळ्यांची पाळी येई. ते चर्च सोडून ते काळ्यांच्या झायन चर्चमध्ये गेले. १८४५ च्या आत्मचरित्रात त्यांनी बजावले की, ख्रिस्ताचा धर्म वेगळा आणि गुलामांच्या मालकांचा धर्म वेगळा.

बायबल दोघांचेही एकच होते. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा पौलाचा उपदेश मालक दाखवीत. मोशेने मिसर देशातून दास सोडविले आणि सर्व माणसे एकाच रक्ताची आहेत, हे गुलामगिरीचे विरोधक दाखवीत. या वादातून १८४४-४५ मध्ये मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट पंथ दुभंगले. शेवटी यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केला. डग्लस १८९५ साली वारले. तोवर ते काळ्यांच्या व स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडत राहिले.

बंधूंनो, ग्रंथ पवित्र म्हटल्याने अन्याय टळत नाही. चाबूक मारणाराही त्याचाच आधार देतो. म्हणून बाबासाहेबांनी आपल्या हाती कसोटी दिली : जे बुद्धीला व तर्काला पटते, जे माणसाच्या कल्याणाचे आहे, तेच बुद्धवचन समजावे. धम्मग्रंथ हार घालून फळीवर ठेवू नका. तो मुलींना, सुनांना वाचू द्या. त्यांना प्रश्न विचारू द्या. धम्माच्या नावाने घरात कोणी कोणाला दाबत असेल, तर तो धम्म नव्हे, हे त्यांनीच तुम्हाला सांगू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!