पाण्याचा एक घोट

धर्मांतर म्हटले की आपल्यापुढे ग्रंथ, वाद, प्रवचने उभी राहतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दिसतो तो पाण्याचा पेला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. माहेरी कडकडीत सोवळे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि बाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण सोवळे बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे.

मग त्यांचा स्वतःशीच वाद सुरू झाला. माणसे देवाने घडवली, तर जाती कोणी घडवल्या? उत्तर सापडले तेव्हा त्यांनी आजवर वर्ज्य मानलेल्या हातचे पाणी घेतले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनीच पुढे लिहिले.

मी बँकेतला माणूस. वर्षअखेरचा ताळेबंद रोजच्या किर्दीवरच उभा असतो, एवढे मला कळते. नाताळ, ईस्टर किंवा आपली दिवाळी, हे ताळेबंदाचे दिवस. खरी नोंद होते ती रोज, स्वयंपाकघरात.

कामवाल्या बाईंचा कप आजही कित्येक घरांत वेगळा असतो. आपला कुठे आहे, ते एकदा फळीवर पाहावे.