सायकलच्या दुकानातून नांगराच्या कारखान्याकडे

महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचा इतिहास लिहू जाता पहिले पान लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या नावाने उघडावे लागते. लोखंडी नांगर, पाण्याचे पंप आणि किर्लोस्करवाडी ही त्यांची ओळख सर्वपरिचित आहे. मात्र या उद्योगाचे मूळ बेळगावातील एका छोट्या सायकलच्या दुकानात आहे, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताच्या अभ्यासात रमणारे. मुलाचा ओढा मात्र पाठांतरापेक्षा चित्रे काढण्याकडे आणि यंत्रे खोलून पाहण्याकडे. शालेय शिक्षणात मन न रमलेल्या या मुलाच्या पाठीशी थोरले बंधू रामूअण्णा उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात, म्हणजे तेव्हाच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांच्या दृष्टीतील रंगांधळेपणाचा दोष उघड झाला आणि चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. हताश न होता त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा मार्ग धरला. या विद्येला रंगांची गरज नव्हती. रेषा आणि मापे पुरेशी होती. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. फावल्या वेळात मुंबईतील कारखान्यांत जाऊन यंत्रांचे प्रत्यक्ष ज्ञान मिळवण्याचा परिपाठ त्यांनी ठेवला.

याच मुंबईत त्यांनी आयुष्यातील पहिली सायकल पाहिली. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये आली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत त्या टायरने आपली श्रेष्ठता सिद्ध केली. पाश्चात्त्य देशांत सायकलचा धंदा वाढला तो असा शर्यतीच्या मैदानावर. अमेरिकेतील डेटन गावी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑर्व्हिल हे स्वतः शर्यतीचे शौकीन होते. पुढे १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डोंगरउतारांवरच्या शर्यतींतूनच डोंगरी सायकलींचे कारखाने जन्माला आले.

बेळगावची गोष्ट निराळी होती. तेथे ना शर्यती होत्या, ना सायकल चालवू जाणणारा ग्राहक. १८८८ मध्ये ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने दुकान सुरू झाले, तेव्हा माल विकण्याआधी ग्राहक घडवणे भाग होते. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवायच्या, रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे, अशी कामाची वाटणी होती. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीचे शुल्क पंधरा रुपये. सामान्य माणसाला ही चैन परवडणारी नव्हती. गिऱ्हाईक होते ते अधिकारी आणि सधन मंडळी.

मुंबईच्या नोकरीत दरम्यान एक कटू प्रसंग ओढवला. लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. पात्रता असूनही कातडीच्या रंगापुढे ती निरुपयोगी ठरते, हे कळल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि कायमचे बेळगाव गाठले.

या निर्णयामागे अपमानाची सल होती, तशी विचाराची बैठकही होती. सायकलच्या दुकानाने पोटापाण्याची सोय केली. पण विकली जाणारी प्रत्येक सायकल परदेशात घडलेली होती. विक्रेत्याच्या वाट्याला दलाली येते. ज्ञान आणि नफा कारखानदाराकडे राहतो. दुसऱ्याने बनवलेले विकण्यापेक्षा स्वतः काही बनवावे, ही ओढ लक्ष्मणरावांना स्वस्थ बसू देईना. मात्र त्यांनी सायकलचा कारखाना काढला नाही. मूठभर श्रीमंतांच्या वाहनापेक्षा लाखो शेतकऱ्यांच्या हाती पडेल असे अवजार त्यांना महत्त्वाचे वाटले. अमेरिकन यंत्रविषयक मासिके चाळून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर हाती घेतला.

पहिला किर्लोस्कर नांगर १९०३ मध्ये तयार झाला. योगायोग असा की, सायकलच्या दुकानातून पुढे आलेल्या राइट बंधूंचे विमान याच वर्षी डिसेंबरात आकाशात झेपावले. त्या विमानाची कीर्ती जगभर पसरली. बेळगावचा नांगर मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. वास्तविक परभणीजवळच्या पेडगावची असो की कृष्णाकाठची, खोल काळ्या जमिनीत हरळी माजली की लाकडी नांगर हतबल होत असे. लोखंडी फाळ खोलवर जाऊन माती उलथून टाकत असे आणि हरळीची मुळे वर येत. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावरच शेतकऱ्याचा विश्वास बसला. सायकल विकताना जे शिक्षण रामूअण्णा गिऱ्हाइकाला देत, तेच आता शेताच्या बांधावर द्यावे लागले.

धंद्याला बरे दिवस दिसू लागतात न लागतात तोच नवे संकट आले. नगराच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याचा आदेश दिला. या कठीण काळात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि भांडवलासाठी कर्ज देऊ केले. जागा म्हणजे निवडुंगाने व्यापलेला, सापांचा सुळसुळाट असलेला उजाड माळ. १९१० मध्ये मोजक्या सहकाऱ्यांसह लक्ष्मणराव तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

ही वाडी केवळ कारखान्याची वसाहत नव्हती. अस्पृश्यता पाळण्यास तेथे मनाई होती आणि समाजाने गुन्हेगार म्हणून झिडकारलेल्यांवर रखवालीची जबाबदारी सोपवण्यात आली होती. स्वतःच्या पात्रतेची अवहेलना सोसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या पात्रतेला दिलेली ही संधी होती.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आयात आटली. मागणी वाढली, पण कच्चे लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि युद्धाच्या साधनांचे नांगर झाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ कंपनीची स्थापना झाली. ऊस गाळण्याचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पंप यांची भर पडत गेली. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांनी पुढे उद्योगाचा पसारा हरिहर, पुणे आणि बंगळूरपर्यंत नेला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. बेळगावात त्यांच्या पहिल्या दुकानाचा रस्ता आजही किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो. रंग नीट न दिसल्याने चित्रकला सुटली, गोऱ्या कातडीच्या पक्षपाताने नोकरी गेली आणि शहराच्या वाढीने कारखान्याची जागा हिरावली. तरी प्रत्येक वेळी या माणसाने जे हाती उरले त्यातून नवे काही घडवले. आयात मालाची विक्री ही सुरुवात असू शकते, मुक्काम असू नये, हा त्यांच्या आयुष्याचा धडा आजच्या उद्योजकांनीही मनावर घ्यावा असाच आहे.