मेरी क्युरींचे दानपत्र
मेरी क्युरी १८६७ साली रशियाच्या अंमलाखालील वॉर्सात जन्मल्या. तेथील विद्यापीठ स्त्रियांना बंद होते. म्हणून त्यांनी पॅरिस गाठले. १८९८ मध्ये पती पिएर यांच्यासह त्यांनी रेडियम शोधले. त्याच्या किरणांनी कर्करोगावर उपचार होऊ लागले, पण दोघांनी पेटंट घेतले नाही. पुढे एका ग्रॅमची किंमत लाख डॉलरवर गेली. १९२१ साली अमेरिकी स्त्रियांनी वर्गणी काढून मेरींना एक ग्रॅम रेडियम दिले. समारंभाच्या आदल्या रात्री वकील बोलावून मेरींनी दानपत्र बदलून घेतले: मालकी आपली नको, प्रयोगशाळेची हवी. १९३४ साली रक्ताच्या विकाराने त्या गेल्या. आजही आफ्रिकेतील अनेक देशांत किरणोपचाराचे एकही यंत्र नाही. उपचार हा रुग्णाचा हक्क आहे, कुणाचे दान नव्हे.