हिमखिंडींचे प्रवासी : बेंतो द गोइश

आमच्या परभणी जिल्ह्यांत गोदा, पूर्णा, दुधना या नद्या आहेत, काळीभोर जमीन आहे. बर्फ मात्र नाहीं. म्हणून बर्फाच्या खिंडी ओलांडणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

बंधु बेंतो द गोइश १५६२ च्या सुमारास अझोर बेटांवर जन्मले व शिपाई म्हणून हिंदुस्थानांत आले. गोव्यास ते येशूसंघांत शिरले. पुढें अकबराच्या दरबारींही राहिले. जुन्या प्रवाशांनीं वर्णिलेला ‘काथे’ देश चीनहून वेगळा कीं काय, हें कोडें त्या काळीं सुटलें नव्हतें. तें सोडविण्यासाठीं १६०२ सालीं अर्मेनी व्यापाऱ्याच्या वेषांत, अब्दुल्ला हें नांव घेऊन, ते आग्र्याहून निघाले. काबूलनंतर त्यांनीं हिंदुकुश ओलांडला. पामीरच्या कडाक्याच्या थंडींत त्यांचे पांच घोडे मेले; तरी ते यारकंदास पोंचले. पुढें चीनहून परतणारे व्यापारी भेटले आणि काथे म्हणजेच चीन, अशी त्यांची खात्री पटली.

१६०५ च्या अखेरीस ते चीनच्या सीमेवरील सुचौ, म्हणजे हल्लींचें ज्यूच्वान, येथें पोंचले. तेथेंच अडकून पडून ११ एप्रिल १६०७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या रोजनिशींत सोबत्यांच्या कर्जाच्या नोंदी होत्या. म्हणून त्यांनीं ती फाडून टाकिली. इमानी सोबती इसहाक यानें उरलेले तुकडे पेकिंगला मातेओ रिच्ची यांजकडे नेले व त्यांवरून प्रवासाची हकीकत लिहिली गेली.

विद्यार्थ्यांनो, आज नकाशांत काथे हा निराळा देश दिसत नाहीं. तें एक नांव पुसावयास एका माणसाचे प्राण वेंचले, हें भूगोल शिकतांना विसरूं नका.